तेजपूरचं बी, कोल्हापूरचं परडं

७ जानेवारी २०२४

भाऊजी सुट्टीवर आले. त्यांची पलटण सध्या आसामात तेजपूरला आहे. पिशवीतून चहाचे पुडे निघाले, आत्तींसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी, गामोसा (असमिया पंचा) निघाला आणि सगळ्यात शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच वाळक्या मिरच्या. सुरकुतलेल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, काळपट लाल. ‘वहिनी, जपून हाताळा. मेसमध्ये मोठ्या पातेल्याला एक पुरते,’ म्हणाले.

ही भूत जोलोकिया. जोलोकिया म्हणजे असमियात मिरची. नागालँडात हिच्या बहिणीला राजा मिर्चा म्हणतात, मणिपुरात उमोरोक. तेजपूरच्याच संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने २००० साली हिचा तिखटपणा ८,५५,००० स्कोविल (तिखटपणा मोजायचं एकक) असा जाहीर केला होता. पुढे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठाने आपल्याकडे वाढवून मोजली, आकडा आला १०,०१,३०४ आणि २००७ साली गिनेसमध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंद झाली. म्हणजे या पुडीतली फळं जिथून आली, तिथूनच ही सगळी गोष्ट सुरू झाली.

आमच्या घरात तिखटाचं कौतुक कुणाला सांगायला नको. दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते, तिच्यात संकेश्वरी चवीला, ब्याडगी रंगाला, लवंगी ठसक्याला. परड्यात आत्तींची स्वतःची देशी मिरची आहे. तिचं बी आत्ती लग्नाआधीपासून दरवर्षी धरत आल्या आहेत. मी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, तर नोंदी ठेवायची सवय आहेच. ठरवलं: वर्षभर ही मिरची लावायची, नेमाने लिहायचं, आणि शेवटी पुढच्या वर्षासाठी स्वतःचं खात्रीचं बी धरायचं. जोडीला ‘कॅरोलिना रीपर’ (आणखी एक अतितिखट मिरची) असं छापलेलं १० बियांचं एक पाकीट ऑनलाइन मागवलं आहे.

११ जानेवारी

फळं फोडायच्या आधी आत्तींनी पाचही नाकाशी धरून पाहिली. तीन बाजूला काढली. ‘ह्यास्नी धुराचा वास येतोय. चुलीवर टांगून वाळवल्यात. ह्यांचं बी उगवायचं न्हाई, खायला ठेव.’ उरलेल्या दोन सावलीत वाळवलेल्या असाव्यात.

त्यांचं म्हणणं तपासायला दोन्ही गटांतून १२-१२ बिया घेतल्या. बी कोमट पाण्यात आठ तास भिजवलं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोनदा धुऊन घेतलं, कारण त्यातला खारटपणा कोवळ्या मुळांना सोसत नाही. तीन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोपांना उपयोगी बुरशी). बी जेमतेम पाव इंच खोल.

या जातीला उगवायला २५ ते ३० अंश ऊब लागते आणि रात्री आमच्या मागच्या खोलीत १७ च्या आसपास असतं. म्हणून थर्माकोलच्या खोक्यात १५ वॅटचा बल्ब लावून त्यात ट्रे ठेवला. स्वयंपाकाचा थर्मामीटर आत खोचलाय. रात्री १० वाजता २८ अंश.

ट्रेवर तीन पट्ट्या: सावली-१२, धूर-१२, पाकीट-१०.

२२ जानेवारी

अकराव्या दिवशी पहिली हालचाल. ‘सावली’च्या घरात माती नखाएवढी उचलली गेली होती. भिंगातून पाहिलं तर पांढरट-जांभळी दांडी वाकून कमानीसारखी वर आलेली, बियाण्याचं टरफल अजून मातीत अडकलेलं. दुपारपर्यंत कमान सरळ झाली, पण टरफल पानांच्या टोकाला टोपीसारखं बसून राहिलं. पाण्याचा एक थेंब त्यावर ठेवला, अर्ध्या तासाने ते मऊ पडलं आणि पानांनी स्वतःच झटकून टाकलं. ओढून काढायचा मोह होतो, पण त्यात पानं तुटतात. ओलावा द्यावा आणि थांबावं.

६ फेब्रुवारी

सव्वीस दिवसांनंतरचा हिशेब. सावली: १२ पैकी ९. धूर: १२ पैकी शून्य. पाकीट: १० पैकी ६.

आत्तींना आकडे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि कोथिंबीर निवडायला घेतली.

धुराच्या १२ बिया मातीतून काढून चिमटीत दाबल्या. आतून कोरड्या आणि पिवळट. ईशान्येकडून मिरच्या मागवून त्यांचं बी लावणाऱ्यांनी पहिली चौकशी हीच करावी, की फळ वाळवलं कसं.

११ फेब्रुवारी

पाकिटातली दोन रोपं मुळाशी बारीक होऊन आडवी झाली. रोप कोलमडण्याचा रोग, माती फार ओली राहिल्याने. चूक माझी, झाकण दोन दिवस उघडलं नव्हतं. झाकण काढलं, पाणी आता खालून ताटलीतून. पाकीट: शिल्लक ४.

१८ फेब्रुवारी

रोपांना चार-चार पानं. आत्ती ट्रेपाशी बसल्या होत्या. पाकिटातल्या तीन रोपांवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘अगं, ही पानं बघ की. ही तर आपल्याच मिरचीवाणी दिसत्यात. तुझ्या भुताचं पान रुंद हाय, चुरमडल्यावाणी. ही गुळगुळीत न् अरुंद.’

पाहिलं. खरंच तसं दिसतंय. तरी चार पानांवर निकाल द्यायचा नाही. फुलं येईपर्यंत थांबते.

१० मार्च

रोपं वीतभर झाली. भूत जोलोकियाची ९ पैकी ३ शेजारच्या वहिनींना दिली, ६ ठेवली. चार ग्रो बॅगांत, दोन परड्यात जास्वंदीजवळ जमिनीत. पाकिटातली चारही बॅगांत.

बॅगेतलं मिश्रण: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. वरून उसाचं पाचट दोन इंच. पाचट आमच्याकडे मागाल तेवढं मिळतं आणि उन्हाळ्यात मिरचीच्या मुळांना त्याच्याइतकं सोपं पांघरूण दुसरं नाही.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारताना लक्ष गेलं: पाकिटातल्या त्या तीन झाडांना फुलं आली आहेत. भूत जोलोकियाला अजून कळीचाही पत्ता नाही.

दुपारी भिंग घेऊन बसले. एका पेरातून एकच फूल. पाकळ्या स्वच्छ पांढऱ्या. देठ आणि फुलाचा हिरवा पेला जिथे जुळतात तिथे सलग, गुळगुळीत. ही कॅप्सिकम ॲन्युअम. म्हणजे आपली ज्वाला, ब्याडगी, ढोबळी मिरची या सगळ्यांची जात. रीपर, भूत जोलोकिया, स्कॉर्पियन या अतितिखट मिरच्या कॅप्सिकम चायनेन्स. तिच्या एका पेरातून दोन, तीन, कधी चार फुलं लोंबतात, पाकळ्या हिरवट असतात, आणि पेल्याच्या तळाशी दोऱ्याने आवळल्यासारखी एक खाच असते.

चायनेन्स या नावाचीही गंमत नाही, चूकच आहे. १७७६ साली जॅक्विनने ही चीनमधली समजून तसं नाव दिलं. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. नाव मात्र तेच राहिलं.

थोडक्यात, रीपर म्हणून घेतलेल्या बियांमध्ये चारातली तीन झाडं साधी मिरची निघाली. आत्तींना फेब्रुवारीतच कळलं होतं. मला वाईट वाटलं ते पैशांचं नाही. माणूस एका बीमागे तीन महिने घालवतो. रोज पाणी, ऊन, सावली बघतो. त्या तीन महिन्यांची किंमत पाकिटावर छापलेली नसते. नावाला भुलून बी घ्यायचं नाही हे तेव्हाच पक्कं केलं. २०२३ साली गिनेसने पेपर एक्सला २६,९३,००० स्कोविलचा विक्रम दिला, पण ज्या एड करीने ती तयार केली त्याने तिचं बी विकायला काढलेलं नाही. तरी तिच्या नावाची पाकिटं दिसतात.

तीन झाडं उपटली नाहीत. मिरची ती मिरचीच, आमटीला चालेल. पण बी धरायच्या झाडांपासून लांब, पुढच्या अंगणात हलवली.

२१ एप्रिल

दोन बॅगांतल्या शेंड्याची पानं आकसली. आमच्याकडे सरसकट ‘बोकड्या आला’ म्हणतात, पण कारणं वेगळी असतात. पान वरच्या बाजूला वळलं, होडीसारखं झालं, तर फुलकिडे. खाली वळलं, उलटी होडी झाली आणि देठ लांबला, तर कोळी. माझी पानं खाली वळलेली. पान उलटं करून भिंगाखाली धरलं, शिरेच्या कडेला पिवळसर, जवळजवळ पारदर्शक ठिपके संथ हलताना दिसले. पिवळा कोळी.

१६ तारखेला निंबोळी तेल फवारलं होतं, फरक पडला नाही. काल संध्याकाळी पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, फवारलं.

२३ एप्रिल

मोठी चूक. तिसऱ्या बॅगेतल्या झाडाची पानं कडेने करपली, निम्मी गळून पडली. तेलाचा थर पानांवर असताना गंधक फवारलं की पान भाजतं. दोन फवारण्यांत किमान दोन आठवडे हवेत, मी चारच दिवस सोडले होते. शिवाय दुपारी ३७ अंश, एवढ्या उन्हाळ्यात गंधक जपूनच वापरायचं असतं. गंधकाच्या पाकिटामागे बारीक अक्षरात दोन्ही सूचना होत्या. वाचल्या नव्हत्या.

इतर बॅगांत तेल हलकं पडलं होतं म्हणून वाचल्या. करपलेलं झाड सावलीत नेलं. शेंडा हिरवा आहे.

१२ मे

भूत जोलोकियाला फुलं आली, आणि गळून पडताहेत. खाली पाचटावर रोज दहा-पंधरा फुलं देठासकट. हा रोग नव्हे. दुपार ३५ च्या वर गेली आणि रात्रीही उकाडा राहिला की परागकण नीट तयार होत नाहीत आणि झाड फूल टाकून देतं. ५० टक्के शेडनेट बांधलं. पाणी पहाटे. खत थांबवलं, कारण या दिवसांत नत्र दिलं तर नुसता पाला वाढतो.

आत्ती म्हणाल्या, ‘पाऊस येऊ दे. ती पावसाच्या मुलखातली पोर हाय.’

९ जून

पाऊस. बॅगा वळचणीला आणल्या, पागोळ्या लागणार नाहीत पण वारा लागेल अशा. प्रत्येक बॅगेला खाली दोन भोकं जास्त पाडली. जमिनीतल्या दोन झाडांभोवती माती चढवून वरंबा केला.

करपलेल्या झाडाला चार नवे फुटवे.

२७ जून

फळं धरली! वाटाण्याएवढी, हिरवी, अजून गुळगुळीत. चौथ्या बॅगेत एका पेरात तीन. पाकिटातलं चौथं झाडही चायनेन्स आहे, पेल्याखाली खाच स्पष्ट दिसते.

१६ जुलै

जमिनीतलं उजवीकडचं झाड सकाळी हिरवंगार असताना मान टाकून उभं. संध्याकाळी सावरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलं. तिसऱ्या दिवशी उठलंच नाही. पान पिवळं नाही, कीड नाही.

बुंध्याजवळ तिरका काप घेऊन फांदीचा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरला. एक मिनिट काहीच नाही. मग कापलेल्या टोकातून दुधाळ पांढरा धागा सुटला आणि धुरासारखा, पण उलटा, सावकाश तळाकडे उतरत गेला. मग दुसरा. हा जिवाणूजन्य मर रोग. बुरशीमुळे आलेल्या मरीत असा धागा सुटत नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना हे टोमॅटोवर दाखवलं आहे, स्वतःच्या झाडावर बघताना हात थोडा थरथरला. त्याला तेरा फळं होती.

यावर औषध नाही. झाड मुळासकट काढून जाळलं, विळा उकळत्या पाण्यातून काढला. त्या जागेवर पुढची काही वर्षं मिरची, वांगी, टोमॅटो काहीच लावायचं नाही. तिथे मका लावू.

दुसरं झाड तीन हातांवर आहे. त्याच्याकडे जाणारं पाणी चर खणून वळवलं.

२६ जुलै

पंचगंगा पात्राबाहेर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. आमची गल्ली उंचावर आहे, पण ह्यांच्या मामांचं घर रिकामं करून सगळे आमच्याकडे आलेत. बागेकडे बघायला वेळ नाही. जमिनीतलं झाड उभं आहे, एवढं खिडकीतून दिसलं.

१८ ऑगस्ट

आज बी धरायची खरी तयारी.

मिरचीचं फूल स्वतःच्या परागाने फळ धरतं, पण मधमाश्या आणि बारीक कीटक एकीचे पराग दुसरीवर नेतात. चायनेन्स आणि ॲन्युअम यांचाही संकर होतो. भूत जोलोकियातच कॅप्सिकम फ्रुटेसेन्स या तिसऱ्या जातीचा थोडा अंश असल्याचं न्यू मेक्सिकोच्या अभ्यासात आढळलं होतं. रीपरही संकरातलीच, तिच्या आईबापांत एक नागा मिरची आहे. फळ मात्र आईसारखंच दिसतं, भेसळ पुढच्या पिढीत कळते. म्हणजे उघड्यावर धरलेलं बी यंदा कितीही देखण्या फळातलं असलं तरी पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही. मला वाटतं, पाकिटात झालेला घोळ असाच कुठेतरी सुरू होतो. कुणी मुद्दाम फसवायलाच हवं असं नाही.

जुन्या मच्छरदानीची जाळी फार विरळ, बारीक फुलकिडे आत शिरतील. आत्तींनी पेटीतून एक जुनी ऑर्गंझाची ओढणी काढून दिली. तिच्या वीतभर पिशव्या शिवल्या. पहिल्या आणि चौथ्या बॅगेतल्या झाडांच्या दोन-दोन फांद्या निवडल्या, आधीची फळं-फुलं खुडून फक्त मिटलेल्या कळ्या ठेवल्या आणि पिशवी बांधली. रोज सकाळी पिशवीवरून टिचकी मारायची, म्हणजे पराग आतल्या आत झडतील.

देठाला लाल दोरा बांधायचं आत्तींनी सांगितलं. पिशवी फळ धरल्यावर काढायचीच असते. मग बांधलेलं फळ कुठलं हे दोऱ्यावरूनच कळणार.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. आज पहिलं फळ पूर्ण लाल. जूनमध्ये धरलेलं, सत्तर दिवसांहून जास्त लागले. हिरवं, मग मळकट नारिंगी, मग दोन दिवसांत लाल.

तळहातावर घेऊन पाहिलं (हातमोजा घालून). लांबी ६.५ सेंटिमीटर, वजन ६ ग्रॅम. कातडी कागदासारखी पातळ आणि सगळीकडून चुरगळलेली, उजेडात धरलं तर आतल्या बिया सावलीसारख्या दिसतात. आणि वास! तिखटाचा नाही. पिकल्या फळाचा, अननस आणि जर्दाळूच्या मधला. आत्तींनी वास घेतला आणि परत घेतला. ‘ह्याचा मुरंबा कर म्हनलं तरी चालंल,’ म्हणाल्या. अतितिखट मिरच्यांबद्दल लोक फक्त आकडे सांगतात. हा वास कुणी सांगत नाही, आणि ज्याने झाडावर पिकलेलं फळ हातात घेतलंय त्याला तोच आठवत राहतो.

१५ सप्टेंबर

बुलबुलांची जोडी सकाळपासून जमिनीतल्या झाडावर. लाल फळ फोडून बियांसकट खाताहेत, कसलाही त्रास नाही. तिखटातलं कॅप्सेसिन आपल्या तोंडातल्या उष्णतेची जाणीव देणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, म्हणून भाजल्यासारखं वाटतं. हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं. पक्ष्यांमधला तोच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही. आपण बी दाढेखाली चिरडतो, पक्षी अख्खं गिळून लांब नेऊन टाकतो. मिरचीने आपला वाटसरू निवडला आहे.

त्या झाडावर लाल दोरे नाहीत. जाळी टाकली नाही, खाऊ देत.

२२ सप्टेंबर

परवाचा दिवस सविस्तर लिहिते, कारण यातूनच दुसऱ्यांनी शिकावं.

चार लाल फळं स्वयंपाकघरात आणली. हातमोजे, जुना चष्मा, खिडक्या उघड्या. एक उभी चिरली. साध्या मिरचीत तिखट असतं ते बियांत नव्हे, बिया ज्याला लटकतात त्या पांढऱ्या पडद्यात. भूत जोलोकियात मात्र सालीच्या आतल्या बाजूलाही तेलाचे बारीक पिवळे थेंब चमकत होते. अतितिखट जातींत भिंतीवरही तिखटाच्या पिशव्या असतात हे न्यू मेक्सिकोच्याच संशोधकांनी २०१५ साली दाखवलं. म्हणून हिचा पडदा काढून टाकला तरी तिखट कमी होत नाही.

इथवर ठीक. मग अर्धी मिरची, लसूण आणि मीठ मी पाट्यावर वाटलं. खर्डा तोंडाला लावला तो सुईच्या टोकाएवढा. आधी चव गोड-आंबट, पाच सेकंद काहीच नाही, मग घशाच्या मागून जाळ चढत आला आणि वीस मिनिटं हटला नाही. दह्याने उतार पडला. पाण्याने पडत नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही.

पाटा धुवायला वर उकळतं पाणी ओतलं. वाफ उठली आणि घरातले सहाही जण खोकत अंगणात. दुसऱ्या दिवशी त्याच पाट्यावर पुतण्यासाठी ओल्या नारळाची चटणी वाटली. पोरगं पहिल्या घासाला रडायला लागलं. पाट्याला टाकी लावलेली असते, त्या खाचांत तिखट बसून राहिलं होतं. आत्तींनी पाट्याला गोडेतेल चोळलं, तासभर ठेवलं, मग राख आणि साबणाने गार पाण्यात घासलं. असं तीनदा केल्यावर पाटा निवला.

तेव्हापासूनचा नियम: या मिरचीला वेगळी सुरी, वेगळी काचेची बरणी, पाटा नाही, मिक्सर नाही. हाताला लागलं तर आधी तेल, मग साबण. डोळ्याला हात नाही.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. पाकिटातल्या चौथ्या झाडाची फळं पिकली. गोलसर, खडबडीत, दोघांना खाली विंचवाच्या नांगीसारखी शेपटी. लोक हिला रीपर म्हणतील. मी बरणीवर ‘पाकीट-४’ एवढंच लिहिलं आहे. तिचं बी कुणाला देणार नाही.

पुतण्याचे मोठे मित्र पैज लावायला आले होते, ‘काकू, एक अख्खी खाऊन दाखवतो.’ दिली नाही. अमेरिकेत एका ३४ वर्षांच्या माणसाने स्पर्धेत एक रीपर खाल्ली आणि त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून डोक्यात असह्य कळा सुटल्या. हे २०१८ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं. पोरांना तेच वाचून दाखवलं. एवढ्या कष्टाने पिकवलेलं फळ पैजेत गिळायला नाही. त्यांना प्रत्येकी एक हिरवी लवंगी आणि भाकरी दिली. खाऊन गेले.

१० नोव्हेंबर

दिवाळीला भाऊजी आले. परड्यात उभं राहून त्यांनी एक फळ नखाने किंचित खरवडलं, जिभेच्या टोकाला लावलं आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘वहिनी, तिथल्यापेक्षा जरा कमी. पण वास तोच.’

माझाही कयास तसाच आहे. पावसाळ्यानंतर इथली हवा कोरडी पडते, तिकडची दमट राहते.

आजवरचा हिशेब: पाच झाडं, १३१ फळं, त्यात बुलबुलांनी खाल्लेली मोजलेली नाहीत. सर्वांत जास्त, ३८, करपलेल्या झाडाला. वाळलेल्या दहा फळांचं वजन ९ ग्रॅम.

तीन वाळकी फळं अर्धा लिटर शेंगतेलात परड्यात शेगडीवर मंद आचेवर उकळवली, गाळून बाटलीत भरली. कट वाढताना वरून चार थेंब. आत्तींना एवढंच मान्य आहे. येत्या उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीत पाच फळं घालू द्या म्हटलं तर म्हणाल्या, ‘डंकवाल्याला आधी सांगून ठेव, बाई. मागनं घोटाळा नको.’

१ डिसेंबर

लाल दोऱ्याची ११ फळं पूर्ण पिकून झाडावरच थोडी सुकली होती. काढून सात दिवस घरात ठेवली, मग मोजे घालून बी सोडवलं. २४६ बिया. पाण्यात टाकल्यावर ३१ तरंगल्या, त्या बाजूला केल्या. बाकीच्या सावलीत, ताटात पसरून. धुरापासून लांब.

२९ डिसेंबर

बी वाळलं. नखाने वाकवलं तर वाकत नाही, तुटतं. कागदी पाकिटांत भरून काचेच्या बरणीत. आत्ती त्यांचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवतात. थोड्या बिया तशाही ठेवल्या, पुढच्या वर्षी दोन्हींची तुलना करू.

११ जानेवारी २०२५

ओल्या कागदात २० बिया ठेवल्या होत्या, १८ ना मोड आले. बांधलेल्या फांद्यांचंच बी, म्हणून पाकिटांवर पूर्ण लिहिलं: भूत जोलोकिया, तेजपूर, कोल्हापूरची पहिली पिढी, फांदी बांधून धरलेलं, डिसेंबर २०२४. दोन पाकिटं भाऊजींना टपालाने, दोन शेजारच्या वहिनींना, एक कॉलेजच्या रोपवाटिकेला.

आज पुन्हा थर्माकोलचा खोका काढला. बल्ब तोच. १२ बिया लावल्या. आत्तींनी त्यांच्या देशी मिरचीचंही बी दोन घरांत टाकायला दिलं. खोक्यावर त्यांचा अजून भरवसा नाही, म्हणून उरलेलं सगळं नेहमीसारखं मे महिन्यासाठी मडक्यात ठेवलंय. रात्री १० वाजता आत २७ अंश.